‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ : एका अनुमानाची तपासणी

ऐतिहासिक प्रमाणांवरून अनुमान कसे काढावे आणि कसे काढू नये, हे पाहण्यासाठी मराठी भाषेच्या अभ्यासकाने परक्या उदाहरणांकडे जाण्याचे कारण नाही. पुढील युक्तिवाद घ्यावा. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची मूर्ती चावुंडरायाने इ. स. ९८३ च्या सुमारास उभारली. त्या मूर्तीच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ असे मराठी वाक्य कोरलेले आहे. म्हणून मराठीतील लिखित वाक्य इ. स. ९८३ इतके जुने आहे. आता प्रश्न असा : या युक्तिवादात न बोलता काय गृहीत धरले आहे? आणि कोणती वस्तुस्थिती पुढे आली असता तो सर्वांत अधिक दुबळा होईल?

दोन विधाने आणि त्यांवरून काढलेला एक निष्कर्ष, इतकाच या प्रश्नाचा आकार आहे. पण त्या निष्कर्षावर पुष्कळ भार टाकण्यात आलेला आहे. ‘मराठीतील पहिला ज्ञात शिलालेख’ म्हणून या वाक्याचा निर्देश पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आला. मराठीच्या इतिहासाचा पहिला कालखंड कोठे सुरू करावयाचा, याचा निर्णय अनेकांनी त्याच्या आधारे केला. तज्ज्ञांनी या वर्षाविषयी शंका घेतल्यालाही आता बराच काळ लोटला आहे. तरीही ९८३ हा आकडा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून हटत नाही. आकडे पाठ होतात आणि त्यांच्या मागची प्रमाणे पाठ होत नाहीत, हे त्याचे एक कारण असावे.

प्रथम वस्तुस्थिती. चावुंडराय हा तळकाडच्या गंग घराण्यातील राचमल्ल राजाचा मंत्री आणि सेनानी. तो स्वतः कन्नड ग्रंथकार होता. तीर्थंकरादी त्रेसष्ट पुरुषांची चरित्रे सांगणारे त्याचे गद्य पुराण शके ९०० म्हणजे इ. स. ९७८ मधील आहे. विंध्यगिरी टेकडीच्या माथ्यावर एकाच पाषाणातून कोरलेली सुमारे सत्तावन्न फूट उंचीची बाहुबलीची मूर्ती त्याने करविली, याविषयी वाद नाही. मूर्तीच्या पायांच्या दोन्ही बाजूंस जी वारुळे कोरली आहेत, त्यांच्या शिळांवर काही अगदी लहान लेख आहेत. एका बाजूस कन्नड आणि तमिळ भाषांत ‘चामुंडराजाने करविले’ अशा अर्थाच्या ओळी आहेत. त्यांपैकी तमिळ ओळ ग्रंथ आणि वट्टेळुत्तू अक्षरांत आहे. दुसऱ्या बाजूस नागरी अक्षरांत आपले मराठी वाक्य आहे. मात्र त्याच बाजूस, त्याच नागरी लिपीत, आणखी एक ओळ आहे : ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’. पाठ्यपुस्तकांत पहिली ओळ येते आणि दुसरी पुष्कळदा गळते. या गळण्यातच सर्व घोटाळ्याचे मूळ आहे.

हा गंगराज म्हणजे होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती. नावात ‘गंग’ असले तरी गंग राजघराण्याशी त्याचा घोटाळा करू नये. उलट गंगांची जुनी राजधानी तळकाड चोळांच्या हातून जिंकून घेतली ती याच गंगराजाने, आणि तीही होयसळांसाठी. मूर्तीभोवतीचा प्राकार त्याने इ. स. १११६ ते १११८ च्या दरम्यान बांधविला. ‘सुत्ताले’ म्हणजे तोच प्राकार : वेढणे या अर्थाचा कन्नड शब्द आणि ‘आलय’ यांच्या संयोगाने झालेल्या ‘सुत्तालय’ या शब्दाचे हे रूप होय. लूइस राइस यांनी १८८९ मध्ये बेळगोळचे लेख प्रथम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि नरसिंहाचार यांनी १९२३ मध्ये त्यांची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली. तेव्हापासून दोन्ही ओळी अभ्यासकांसमोर शेजारी शेजारी आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पहिल्या ओळीत वर्ष नाही, तिथी नाही, राजाचे नाव नाही. ९८३ हा आकडा दगडावर कोठेही कोरलेला नाही. तो मूर्तीच्या प्रतिष्ठेचा काळ म्हणून बाहेरून आणलेला आहे, आणि तोही पुन्हा अनुमानानेच. चावुंडरायाच्या ९७८ च्या पुराणात या मूर्तीचा उल्लेख नाही. रन्न कवीच्या इ. स. ९९३ च्या अजितपुराणात तो आहे. म्हणून मूर्ती या दोहोंच्या मध्ये केव्हा तरी झाली, असे ठरविले जाते. मग उत्तरकालीन ग्रंथांत दिलेल्या तिथी, वार, नक्षत्रांचे गणित मांडून कोणी ९८१ काढतो, कोणी ९८३. यांतील ९९३ ही मर्यादा भक्कम आहे, कारण ती एका उल्लेखावर आधारलेली आहे. ९७८ ही मर्यादा तितकी भक्कम नाही, कारण ती एका मौनावर आधारलेली आहे. स्वतः उभारलेल्या एवढ्या मूर्तीविषयी ग्रंथकार गप्प बसणार नाही, हे म्हणणे संभाव्य आहे. पण तीर्थंकरांची चरित्रे सांगणाऱ्या पुराणात स्वतःच्या बांधकामाचा उल्लेख करणे त्याला भागच होते, असे कोणास म्हणता येईल? मूर्तीच्या काळाविषयी पाचदहा वर्षांच्या फरकाने येथे काही बिघडत नाही. परंतु ज्या आकड्यावर मराठीच्या लिखित इतिहासाचा आरंभ टांगला आहे, तो आकडा स्वतःच दोन अनुमानांच्या खुंटीवर टांगलेला आहे, हे विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे.

आता युक्तिवादाकडे. त्यातील व्याप्ती उघड करून मांडली तर ती अशी होते : ज्या लेखात एखाद्या व्यक्तीने एखादी वस्तू करविल्याचे सांगितले असेल, तो लेख ती वस्तू झाली त्याच वेळचा असतो. ही व्याप्ती खरी आहे काय? नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर हा हेतू सोपाधिक आहे. जेथे अग्नी तेथे धूर, हे विधान इंधन ओले असेल तरच खरे ठरते; ओले इंधन ही तेथे उपाधी. तसे, कर्त्याचे नाव असलेला लेख कर्त्याच्या काळचा ठरतो तो एका अटीवर : लेख कोरविणारा आणि वस्तू करविणारा एकच असला पाहिजे. ही अट पहिल्या ओळीच्या शब्दांत कोठेही नाही. ‘चावुंडराजाने करविले’ हे वाक्य चावुंडराजा स्वतः कोरवू शकतो, त्याचा नातू कोरवू शकतो, आणि शंभर वर्षांनी आलेला एखादा भाविकही कोरवू शकतो. तिघांच्याही तोंडी ते तितकेच खरे आहे.

म्हणजे व्यक्तीच्या नावाने लेखाची पूर्वसीमा तेवढी मिळते : मूर्ती होण्यापूर्वी हे वाक्य कोरले गेलेले नाही. ९८३ ही पूर्वसीमा आहे. तिला लेखाचे वर्ष म्हणणे म्हणजे ‘यापूर्वी नव्हे’ या विधानाचे ‘याच वेळी’ असे रूपांतर करणे. हीच चूक ग्रंथांच्या बाबतीत मराठीचे अभ्यासक सहसा करीत नाहीत. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची म्हणून तिच्या कोणत्याही पोथीतील प्रत्येक रूप शके १२१२ चे, असे कोणी म्हणत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी केली हे सर्वांना ठाऊक आहे, आणि पोथीचा काळ निराळा, ग्रंथाचा काळ निराळा, हा विवेक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही असतो. तोच विवेक दगडापुढे उभे राहताच सुटतो. कागद नकलता येतो, दगड नकलता येत नाही, अशी एक श्रद्धा त्याच्या मुळाशी असावी. दगड नकलला जात नसला तरी तो उशिरा कोरला जाऊ शकतो.

गृहीत कोणते, याचे उत्तर मिळाले. कोणत्या वस्तुस्थितीने युक्तिवाद सर्वांत अधिक दुबळा होतो, हा प्रश्नाचा दुसरा भाग अधिक कठीण आहे. कारण येथे चुकीची उत्तरेही दिसावयास आकर्षक आहेत.

पहिले आकर्षक उत्तर असे की, चावुंडराय कन्नड ग्रंथकार होता, तेव्हा तो मराठीत कशाला कोरवील? या आक्षेपात फारसे बळ नाही. कन्नडच्या शेजारी तमिळ ओळ आहेच. ज्याने एक परभाषा कोरविली त्याने दुसरीही कोरविली असेल, असे म्हणावयास मोकळीक उरते. तीर्थस्थानावरील लेखाची भाषा कर्त्याच्या मातृभाषेपेक्षा अपेक्षित वाचकाच्या भाषेवर अवलंबून असणे अगदी स्वाभाविक आहे.

दुसरे उत्तर : इ. स. ९८३ मध्ये मराठी भाषा अस्तित्वातच नव्हती. हे तर उघड चूक आहे. उद्द्योतनसूरीने शके ७०० च्या सुमारास जालोर येथे पुरी केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथेत निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांचे वर्णन करताना मरहट्ट्यांच्या तोंडी लकारयुक्त भूतकाळी रूपे घातली आहेत. राजस्थानातील एका जैन साधूच्या कानाला आठव्या शतकातच मराठी बोलणाऱ्याची ही खूण जाणवली होती. तेव्हा ९८३ मध्ये ‘करवियलें’ बोलणारी माणसे होती की नव्हती, असा वादच नाही.

तिसरे उत्तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष मोहात पाडणारे आहे. ‘करवियलें’ हे रूप पाहूनच लेखाचा काळ ठरवावा, असे ते सांगते. कोणी ते रूप जुने म्हणून ९८३ ला अनुकूल मानतो, कोणी ते ज्ञानेश्वरीच्या भाषेला जवळचे म्हणून बाराव्या शतकाला. दोघेही पुराव्याकडून त्याला न पेलणारे काम करवू पाहतात. ‘करव’ या प्रयोजक धातूला ‘-इय’ हा जुना भूतकृदन्ताचा अंश आणि त्यावर ‘-ल’ लागून हे नपुंसकलिंगी रूप झाले आहे. ‘ठेवियलें’, ‘पाठवियलें’ अशा घडणीची रूपे पुढे कित्येक शतके पद्यात चालत राहिली. सतराव्या शतकातील अभंगांच्या वाचकालाही ती अपरिचित नाहीत. इतके दीर्घायुषी रूप दहाव्या आणि बाराव्या शतकांत निवाडा कसा करणार? शिवाय ‘अमक्याने करविले’ ही एक ठरीव शब्दयोजना आहे, आणि ठरीव शब्दयोजना बोलीच्या मागे रेंगाळत चालते. आणखी मोठी अडचण तर्काची आहे. दहाव्या, अकराव्या शतकांतील मराठी रूपे कशी होती हे ज्या मोजक्या लेखांवरून ठरवावयाचे, त्यांचाच काळ त्या रूपांवरून ठरविणे हा अन्योन्याश्रय होय.

‘चामुंड’ऐवजी ‘चावुंड’ आले, म्हणून ती ओळ उत्तरकालीन, असाही युक्तिवाद करता येईल. मकाराचा अनुनासिक वकार होणे ही मध्ययुगीन भाषांत सर्वत्र आढळणारी गोष्ट. पण या नावाची दोन्ही रूपे कन्नडमध्येही शेजारी शेजारी नांदत आली आहेत. तेव्हा त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खरे उत्तर दुसऱ्या ओळीत आहे. गंगराजाची ओळ १११६ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तीत ज्या प्राकाराचा निर्देश आहे तो तेव्हा नव्हता. दोन्ही ओळी एकाच बाजूस, एकाच लिपीत, एकाच घडणीच्या आहेत, आणि त्यांच्या अक्षरांचे वळणही एकच आहे. सुमारे १३० वर्षांच्या अंतराने कोरलेल्या दोन नागरी ओळींत हे साम्य अपेक्षित नाही. या काळात दक्षिणेतील नागरी अक्षरे स्थिर राहिलेली नाहीत. म्हणून दोन्ही ओळी एकाच वेळी, म्हणजे गंगराजाच्या वेळी, कोरल्या गेल्या, हा पक्ष बलवत्तर ठरतो. त्याच्या दृष्टीने दोन ओळींचा अर्थही चांगला जुळतो. पहिल्या ओळीत काय करविले ते सांगितलेले नाही. समोर मूर्तीच उभी असल्यामुळे कर्म सांगण्याची गरज नव्हती. दुसऱ्या ओळीत मात्र ‘सुत्ताले’ हे कर्म स्पष्ट सांगितले आहे. ते न सांगते तर गंगराजाने दुसऱ्याच्या मूर्तीवर हक्क सांगितल्यासारखे झाले असते. मूर्ती त्याची, प्राकार याचा, अशी विभागणी या जोड-वाक्यातून होते, आणि जुन्या दात्याच्या नावाशेजारी नव्या दात्याचे नाव सन्मानाने बसते.

तरीही विरुद्ध पक्षाचे म्हणणे पुरते ऐकून घेतले पाहिजे. कोणी म्हणेल, चावुंडरायाची ओळ आधीपासून तेथे होती, आणि गंगराजाने तिचे अनुकरण केले. कन्नड भाषेतही गंगराजाने चामुंडराजाच्या ओळीच्या जोडीला स्वतःची ओळ घातलीच आहे. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि आधी उल्लेखिलेल्या सर्व आकर्षक उत्तरांपेक्षा अधिक मोलाचा आहे. अनुकरणाच्या कल्पनेने शब्दयोजनेतील साम्याचा उलगडा होतो. जोड-वाक्याच्या अर्थाचाही होतो. म्हणूनच वर ज्या अर्थसंगतीचे वर्णन केले ती सुंदर असली तरी निर्णायक नाही. पण अक्षरांच्या वळणातील साम्याचा उलगडा तिने होत नाही. त्यासाठी गंगराजाच्या कोरक्याने शब्दांबरोबर जुन्या अक्षरांचीही हुबेहूब नक्कल केली, अशी आणखी एक कल्पना करावी लागते, आणि तिला स्वतंत्र आधार नाही. दोन उपपत्तींपैकी जिला कमी कल्पना कराव्या लागतात ती स्वीकारावी, हा लाघवाचा न्याय येथे लागू पडतो. त्याने इ. स. १११६-१७ हा काळ सिद्ध होतो असे नव्हे. तो अधिक संभाव्य ठरतो. ९८३ मात्र सिद्ध राहत नाही, आणि युक्तिवादाला दुबळे करण्यास इतके पुरे आहे. ‘दुबळे करणे’ आणि ‘खोटे पाडणे’ यांतील भेद या प्रश्नात पाळला नाही तर उत्तर बरोबर असूनही विचार चुकलेला असतो.

हे वाक्य मराठी आहे काय, असाही एक उपप्रश्न आहे. कोंकणीच्या काही अभ्यासकांनी ते कोंकणी असल्याचे प्रतिपादन केले आहे, आणि मराठी अभ्यासकांनी त्याला रागाने उत्तरे दिली आहेत. रागाचे कारण नाही. मराठी आणि कोंकणी यांना वेगळे करणाऱ्या ठळक खुणांपैकी एक म्हणजे पुल्लिंगी एकवचनाचा ‘-आ’ व ‘-ओ’ हा भेद : मराठीत ‘केला’, कोंकणीत ‘केलो’. या दोन ओळींत पुल्लिंगी कृदन्त नाहीच. नपुंसकलिंगी ‘-लें’ आणि तृतीयेचा ‘-एं’ दोहोंकडे सारखे. प्रथमपुरुषी सर्वनामही येथे नाही. म्हणजे ज्या जागी दोन भाषा एकमेकींपासून फुटतात, त्या जागा नेमक्या या वाक्यात रिकाम्या आहेत. त्याला केवळ आकारावरून ‘मराठीच’ किंवा ‘कोंकणीच’ म्हणणारा दोन शब्दांकडून साक्षीपेक्षा अधिक वदवून घेतो. प्रदेश, लिपी आणि लेखनपरंपरा यांच्या आधाराने ते मराठी मानणे युक्त आहे, पण तो आधार वाक्याच्या बाहेरचा आहे हे कबूल करून.

९८३ गेले, तर ‘पहिले’ कोण? दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेल्या लेखात शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा निर्देश आहे, आणि वाचणाऱ्याला विजय चिंतणारे एक मराठी वाक्यही आहे. दिवे आगर येथील ताम्रपट शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. या दोहोंच्या आधीचे स्थान शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या पुणे विद्यापीठाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेखाला दिले, आणि त्याचा काळ शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असा धरला. अक्षीचा लेख या प्रश्नासाठी मुद्दाम पाहण्याजोगा आहे, कारण बेळगोळच्या ओळीत जे जे नाही ते ते यात आहे : राजाचे नाव, बिरुद, शकवर्ष, संवत्सर, आणि तरीही निर्णय सोपा झालेला नाही.

राजा ‘केसीदेवराय’ आहे. उत्तर कोंकणच्या शिलाहारांत या नावाचे दोन राजे झाले. पहिला केशिदेव ऊर्फ अरिकेसरी. त्याचा ठाणे येथील ताम्रपट शके ९३९ चा आहे. दुसरा केशिदेव तेराव्या शतकाच्या आरंभीचा, सुमारे १२०३ ते १२३८ या काळातला. म्हणजे नावाने दोन्ही दारे उघडी राहतात. बिरुद ‘कोंकणचक्रवर्ती’ या अर्थाचे आहे. शिलाहारांत असले सार्वभौमत्वदर्शक बिरुद बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात अपरादित्याच्या लेखांत दिसू लागते. तत्पूर्वीचे राजे महामंडलेश्वर म्हणवीत. ही साक्ष दुसऱ्या केशिदेवाच्या बाजूची आहे. उरला संवत्सर. तो ‘प्रधावी’ असा वाचला गेला, आणि ‘परिधावी’ असा समजला गेला. येथे गणित करून पाहता येते. गत शकवर्षात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी राहील ती प्रभवापासून मोजावी. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६. साठाने भागता बाकी ४६. सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी. शके ९३४ हे वाचन आणि संवत्सराचे नाव एकमेकांशी अचूक जुळतात. आणि दुसऱ्या केशिदेवाच्या सबंध कारकीर्दीत, म्हणजे शके ११२५ ते ११६० या छत्तीस वर्षांत, परिधावी एकदाही येत नाही. त्याच्या अलीकडे पलीकडे तो शके १११४ आणि ११७४ मध्ये येतो.

येथे थांबणाऱ्याला १०१२ सिद्ध झाले असे वाटेल. पण झिजलेल्या दगडावर सर्वांत निश्चित काय वाचता येते, हा प्रश्न बाकी आहे. संवत्सराच्या नावाचे आरंभीचे ‘प्र’ तेवढेच पक्के धरले, तर ‘प्र’ने सुरू होणारे संवत्सर दुसऱ्या केशिदेवाच्या काळात चार आहेत : प्रभव शके ११२९, प्रमोद ११३२, प्रजापती ११३३ आणि प्रमाथी ११४१. शके ११३२ असे आकडे वाचणाऱ्यांना प्रमोद संवत्सराचा आधार तितक्याच अचूकपणे मिळतो. ‘परिधावी’ला ‘प्र’ने सुरू करण्यासाठी लेखकाने पहिले अक्षर आखडून लिहिले असे मानावे लागते, या लेखातील इतर अशुद्धे पाहता ते अशक्य नाही. उलटपक्षी, पुढील ‘धावी’ ही अक्षरे खरोखर तशी असतील तर प्रमोद तेथे बसत नाही. दोनशे वर्षांचा वाद एका अक्षराच्या पोटातील रेघेवर येऊन थांबतो. या लेखाचे ठसे नव्याने, तिरप्या प्रकाशात घेऊन प्रसिद्ध करणे हे मराठी आणि इतिहास या दोन्ही विभागांचे काम आहे. त्याऐवजी दोन्हीकडे जुने वाचन पुन्हा पुन्हा छापले जाते.

हत्तरसंग कुडलचा लेख त्या मानाने निर्वेध आहे. म्हणून ‘वर्षाच्या निर्देशासह आलेले, वर्षाविषयी मोठा वाद नसलेले सर्वांत जुने मराठी वाक्य’ असे म्हणावयाचे असेल तर सध्या इ. स. १०१८ च्या त्या लेखाकडे बोट दाखवावे लागेल. हे वर्णन लांबलचक आहे, आणि ‘पहिला शिलालेख’ या दोन शब्दांइतके ते भाषणात शोभत नाही.

९८३ ऐवजी १११६ म्हटले की मराठी १३० वर्षांनी लहान होते, अशी भीती काहींना वाटते. तिच्यात साक्षीचे वय आणि वस्तूचे वय यांची गल्लत आहे. सर्वांत जुना साक्षीदार जितका जुना तितकी भाषा जुनी, असा नियम असता तर कधीच न लिहिल्या गेलेल्या बोलींना वयच नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी मराठीच्या वतीने जी मांडणी झाली ती महाराष्ट्री प्राकृत, गाथासप्तशती, नाणेघाटाचे लेख अशा फार जुन्या साधनांवर होती. बेळगोळच्या ओळीचे वर्ष हा तिचा आधारस्तंभ नव्हता. आता तर त्या ओळीची तपासणी करताना कोणाचे काही बुडण्याचे भय उरलेले नाही. प्रतिष्ठेसाठी म्हणून जो पुरावा राखून ठेवला जातो तो अभ्यासाच्या कामाचा राहत नाही.

वर्षाच्या वादात या ओळीचे खरे महत्त्व मात्र झाकले गेले. कावेरीच्या खोऱ्यापासून फार दूर नसलेल्या एका टेकडीवर, होयसळांच्या राज्यात, कन्नड सेनापतीने नागरी अक्षरांत मराठी वाक्य का कोरवावे? वाचणारे असल्याखेरीज कोणी अशी ओळ कोरवीत नाही. उत्तरेकडून, दख्खनच्या पठारावरून, येणारे यात्रेकरू तेथे इतक्या संख्येने येत असले पाहिजेत की त्यांच्या भाषेत दात्यांची नावे सांगणे गंगराजाला इष्ट वाटले. हे अनुमान ९८३ ला जितके लागू आहे तितकेच १११६ ला. त्याला ‘पहिले’पणाची गरज नाही. संस्कृत सर्वांना चालली असती. प्राकृतही जैनांना परकी नव्हती. त्या दोन्ही सोडून बोलती मराठी निवडली गेली, यात बाराव्या शतकाच्या आरंभी तिला लेखनाची भाषा म्हणून किती मान होता, याची खूण आहे. आणि निवडणाऱ्याने ती सोवळ्यात ठेवली नाही. प्राकार म्हणून संस्कृत शब्द हाताशी असताना त्याने स्थानिक कन्नड शब्द घेतला, त्याचा शेवट मराठी वळणावर नेऊन त्याला नपुंसकलिंगी केले, आणि ‘करवियलें’शी त्याचा मेळ घातला. बेळगोळची चढण चढून आलेल्या मराठी वाचकाला ‘सुत्ताले’ हा शब्द कळेल, अशी त्याची खात्री होती.